सार्वजनिक शाळा आणि तिची हद्द

कोणत्याही संस्थेची खरी ओळख करून घ्यावयाची असेल तर तिच्या दोन वह्या पाहाव्यात, असे आम्ही आमच्या कार्यकर्त्यांना नेहमी सांगतो. एक हजेरीची वही आणि दुसरी जमाखर्चाची. पहिलीवरून तेथे कोण येते ते कळते. दुसरीवरून तो संसार कोणाच्या पैशावर चालतो ते कळते. कारखाना असो, पतपेढी असो की एखादे देवस्थान असो, या दोन वह्या पाहिल्यावाचून केलेली स्तुती आणि केलेली निंदा दोन्ही सारख्याच पोकळ ठरतात. आज आम्ही ज्या संस्थेविषयी बोलणार आहोत ती कारखाना नव्हे, शाळा आहे. आणि तीही आपल्या गावची नव्हे, अमेरिकेतील आहे. परंतु वह्या मागण्याची आमची खोड तेथेही सुटणार नाही, हे श्रोत्यांनी आधीच गृहीत धरावे.

शिक्षणशास्त्र हा आमचा प्रांत नाही. आमचे स्वतःचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले. करारनामे, ताळेबंद आणि न्यायालयांची निकालपत्रे वाचता वाचताच आम्ही इंग्रजी शिकलो. अशा वाचनात टेक्सस राज्यातील एका शाळेच्या खटल्याचे निकालपत्र हाती आले, आणि हा विषय मनात घर करून बसला. दुसरे कारण घरगुती आहे. डॅलस, ह्यूस्टन यांसारख्या शहरांभोवतीच्या उपनगरांत आज पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. त्यांची मुले तेथील सार्वजनिक हायस्कुलांत शिकतात. सहा महिने राहून परत आलेले आजी-आजोबा त्या शाळेचे वर्णन करतात तेव्हा ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. केवढी ती इमारत, केवढे ते मैदान, मुलांचा स्वतःचा बँड, स्वतःचे नाट्यगृह, आणि फी म्हणाल तर एक पैसा नाही! हे वर्णन खरे आहे. परंतु ते अर्धे आहे. उरलेले अर्धे सांगावे, एवढाच आजचा हेतू.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. आपल्याकडे ज्या शाळेच्या पाटीवर 'पब्लिक स्कूल' असे लिहिलेले असते तिची फी बहुधा गावात सर्वांत जास्त असते. इंग्लंडातही तो शब्द बड्या घरांतील मुलांच्या खासगी शाळांसाठी रूढ झाला. अमेरिकेत मात्र त्याचा सरळ अर्थ आहे: लोकांच्या करातून चालणारी, विनामूल्य आणि हद्दीतील प्रत्येक मुलाला दार उघडे असलेली शाळा. 'उपनगर' या शब्दाचेही तसेच. आपल्याकडे पार्ले, अंधेरी ही उपनगरे मुंबईच्या महापालिकेतच मोडतात. अमेरिकेतील उपनगर पुष्कळदा स्वतंत्र गाव असते. त्याची नगरपालिका वेगळी, पोलीस वेगळे, आणि बहुधा शाळांचा कारभारही वेगळा. या शाळांच्या कारभाराच्या प्रदेशाला तेथे शाळा-जिल्हा म्हणतात. तो आपल्या सातारा किंवा नाशिक जिल्ह्याएवढा असेल असे समजू नये. कधी कधी तो दोन-तीन वस्त्यांपुरताच असतो. त्याचे मंडळ बहुतेक ठिकाणी मतदार निवडून देतात, आणि त्या मंडळाला आपल्या हद्दीतील घरांवर व जमिनींवर कर बसविता येतो. आपण ज्याला घरपट्टी म्हणतो तोच हा कर. पुढील सारी कथा या घरपट्टीची आहे.

आता शाळेचा एक दिवस पाहू. बहुतेक ठिकाणी हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी ही चार वर्षे. सकाळी पिवळ्या रंगाच्या बसगाड्या मुलांना घेऊन येतात. सोळा वर्षे झाली की मुले मोटार चालविण्याचा परवाना काढू शकतात, त्यामुळे शाळेबाहेर शिक्षकांच्या गाड्यांइतक्याच विद्यार्थ्यांच्या गाड्या उभ्या असतात. आपल्याकडे वर्ग बसलेला असतो आणि तास बदलला की गुरुजी बदलतात. तेथे शिक्षक आपल्या खोलीत असतो आणि घंटा होताच मुलेच या खोलीतून त्या खोलीत जातात. पुस्तके ठेवण्यास प्रत्येकाला भिंतीतले कुलपाचे कपाट मिळते. गणित, इंग्रजी, इतिहास, विज्ञान हे विषय सर्वांना असतात; त्यांशिवाय सुतारकाम, मोटारदुरुस्ती, चित्रकला, नाटक, वाद्यवृंद यांतून मुलाने आपापली निवड करावयाची. दुपारी सर्वजण एकाच भोजनगृहात जेवतात. १९४६ च्या राष्ट्रीय शालेय भोजन कायद्यापासून गरीब मुलांस तेथे मोफत किंवा कमी दरात जेवण मिळण्याची सोय झाली आहे. विद्यार्थ्यांना सल्ला देणारा एक स्वतंत्र अधिकारी असतो. कोणते विषय घ्यावेत, कॉलेजला अर्ज कसा करावा, शिष्यवृत्ती कोठे मिळेल, हे सांगणे त्याचे काम.

पण विद्यार्थिजीवन म्हणून जे गाजते ते घंटेनंतरचे. टेक्सस राज्यात शरद ऋतूतील शुक्रवारची रात्र ही हायस्कूलच्या फुटबॉलची रात्र असते. हा त्यांचा अंडाकृती चेंडूचा खेळ. मुलांच्या या सामन्याला सारे गाव लोटते. मैदानावर खेळाडू, कडेला जयघोष करणारी मुले-मुली, मध्यंतरात शाळेचा बँड. त्याच ऋतूत माजी विद्यार्थ्यांच्या स्वागताचा उत्सव होतो, वसंतात वरच्या वर्गांचा नृत्यसमारंभ होतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर झगे-टोप्या घालून पदवी घेण्याचा सोहळा. यांत गंमत आहे तशी शिस्तही आहे. टेक्ससमध्ये १९८४ साली कायदा झाला की प्रत्येक विषयात किमान ७० गुण नसतील तर त्या मुलाने खेळात व अशा अन्य उपक्रमांत भाग घ्यावयाचा नाही. फुटबॉलवेड्या राज्यात या कायद्याने काय गहजब झाला असेल याची कल्पना करावी.

आम्हांला त्याहून महत्त्वाच्या वाटतात त्या दोन गोष्टी: विद्यार्थ्यांनी निवडलेले विद्यार्थिमंडळ आणि विद्यार्थ्यांनी चालविलेले वर्तमानपत्र. सभा कशी चालवावी, ठराव कसा मांडावा, मतदानात हरल्यावर काय करावे, ही विद्या पुस्तकातून येत नाही. आमच्याकडे येणाऱ्या तरुण कामगाराला ती पहिल्यापासून शिकवावी लागते. तेथे ती पंधराव्या वर्षी शिकण्याची सोय आहे. अर्थात या स्वातंत्र्याला कुंपण आहे. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत येण्याचा विद्यार्थ्यांचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली मान्य केला. परंतु सेंट लुईस शहराच्या उपनगरातील हेझलवुड ईस्ट हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी १९८३ साली विद्यार्थ्यांच्या पत्राची दोन पाने छपाईपूर्वी काढून टाकली, तेव्हा त्याच न्यायालयाने १९८८ साली पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेची बाजू घेतली. त्या पानांवर कुमारवयीन मुलींचे गरोदरपण आणि आईबापांचे घटस्फोट या विषयांवरील लेख होते. तात्पर्य, मुलांना कारभाराची तालीम मिळते. पण रंगमंच शाळेचा असतो.

हा डोलारा एका दिवसात उभा राहिलेला नाही. अमेरिकेतील पहिले सार्वजनिक हायस्कूल १८२१ साली बॉस्टन शहरात निघाले. प्राथमिक शाळेसाठी कर देण्यास लोक तयार होते, पण हायस्कूलसाठी? ज्यांची मुले दहाव्या वर्षी शेतात वा गिरणीत जातात त्यांनी इतरांच्या मुलांच्या वरच्या शिक्षणाचा खर्च का सोसावा, असा सवाल निघाला. मिशिगन राज्यातील कॅलामाझू गावच्या काही करदात्यांनी तो न्यायालयात नेला, आणि १८७४ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हायस्कूलसाठी कर बसविणे कायदेशीर आहे. तरी १९१० साली अमेरिकेत अठराव्या वर्षापर्यंत हायस्कूल पुरे करणारी मुले शंभरात नऊ-दहाच होती. १९४० पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर आले. तीस वर्षांत एवढी मजल मारणे ही मोठी गोष्ट होय, आणि ती गावोगावच्या लोकांनी स्वतःवर कर बसवून घेऊन साधली, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे झपाट्याने वाढली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने घरासाठी कर्जाची हमी मिळाली. शहराबाहेर बागेसह घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. परंतु ही घरे सर्वांसाठी नव्हती. पुष्कळ उपनगरांत खरेदीखतातच अट असे की काळ्या माणसास, आणि काही ठिकाणी मेक्सिकन वंशाच्या माणसासही, हे घर विकता येणार नाही. अशा अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली ठरविले. पण तोपर्यंत वस्त्यांची वाटणी होऊन गेली होती आणि सवयी कायद्याहून चिवट असतात. वस्ती वेगळी झाली की शाळा-जिल्हा वेगळा. शाळा-जिल्हा वेगळा झाला की घरपट्टीची पेटी वेगळी. पेटी भरली तर काय होऊ शकते याचे एक उदाहरण पाहा. डॅलसजवळच्या ॲलन या उपनगरातील मतदारांनी २००९ साली शाळांसाठी ११ कोटी ९० लाख डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. त्यांपैकी सुमारे ६ कोटी डॉलर एका हायस्कूलच्या १८,००० आसनांच्या फुटबॉल मैदानासाठी होते. ते २०१२ साली उघडले, काँक्रीटला तडे गेले म्हणून २०१४ साली बंद ठेवावे लागले, आणि दुरुस्तीनंतर २०१५ साली पुन्हा सुरू झाले. येथे कोणी चोरी केली नाही. लोकांनी मतदान केले, लोकांनी पैसा दिला. त्यांच्या हद्दीत तेवढ्या किमतीची घरे व जमिनी होत्या, म्हणून त्यांना ते परवडले.

आता ज्यांच्या हद्दीत ते नव्हते त्यांच्याकडे वळू. टेक्ससमधीलच सॅन अँटोनिओ हे मोठे शहर. त्याच्या पोटात ॲलॅमो हाइट्स नावाचे एक टुमदार उपनगर आहे. चहूबाजूंनी सॅन अँटोनिओ, पण नगरपालिका स्वतंत्र आणि शाळा-जिल्हाही स्वतंत्र. त्याच शहराच्या पश्चिम अंगाला एजवुड नावाचा दुसरा शाळा-जिल्हा. तेथे कामगारांची वस्ती, शंभरांतील सुमारे नव्वद मुले मेक्सिकन वंशाची. कारखाने, दुकाने नावालाच. १९६७-६८ सालचे दोन्ही जिल्ह्यांचे आकडे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदले आहेत. ते आम्ही सावकाश सांगतो, कारण साऱ्या विषयाचे मर्म त्यांत आहे.

एजवुडमध्ये सुमारे २२,००० मुले. दर मुलामागे हद्दीतील मालमत्तेची करपात्र किंमत ५,९६० डॉलर. ॲलॅमो हाइट्समध्ये सुमारे ५,००० मुले; दर मुलामागे मालमत्ता ४९,००० डॉलरहून अधिक. कराचा दर पाहा. एजवुडचे लोक शंभर डॉलर किमतीमागे १ डॉलर ५ सेंट भरत; सबंध शहरपरिसरात हा दर सर्वांत चढा होता. ॲलॅमो हाइट्सचे लोक भरत ८५ सेंट. म्हणजे गरीब वस्तीने आपल्या शाळेसाठी पोटाला अधिक चिमटा घेतला होता. आणि पदरात काय पडले? राज्याच्या योजनेतील ठराविक हिस्सा वजा जाता एजवुडच्या घरपट्टीतून दर मुलामागे उरले २६ डॉलर. ॲलॅमो हाइट्सच्या घरपट्टीतून उरले ३३३ डॉलर. राज्य सरकारने एकाला २२२ व दुसऱ्याला २२५ डॉलर दिले, म्हणजे जवळजवळ सारखेच. केंद्र सरकारकडून एजवुडला १०८ आणि ॲलॅमो हाइट्सला ३६ डॉलर आले. बेरीज करा: एजवुडच्या मुलाच्या वाट्याला ३५६ डॉलर, ॲलॅमो हाइट्सच्या मुलाच्या वाट्याला ५९४.

कोणी म्हणेल, एजवुडने कर आणखी वाढवावा. त्याचेही गणित निकालपत्रात आहे. परिसरातील सर्वांत श्रीमंत जिल्ह्याइतकी रक्कम उभी करावयाची तर एजवुडला शंभर डॉलरमागे ५ डॉलर ७६ सेंट कर बसवावा लागला असता. ॲलॅमो हाइट्सला तेवढ्याच रकमेसाठी ६८ सेंट पुरले असते. आणि राज्याच्या कायद्याने शाळांच्या चालू खर्चासाठी कराची कमाल मर्यादा ठरविली होती १ डॉलर ५० सेंट! गरिबाला कष्ट करून वर येण्याचा उपदेश करावयाचा आणि शिडीची वरची पायरी कायद्याने काढून घ्यावयाची, असा हा प्रकार.

पैशाचे रूपांतर शाळेत कशात होते? एजवुडमधील सुमारे ४७ टक्के शिक्षक पूर्ण पात्रतेवाचून, तात्पुरत्या परवान्यावर शिकवीत होते. ॲलॅमो हाइट्समध्ये असे शिक्षक ११ टक्के. विद्यार्थ्यांना सल्ला देणारा अधिकारी म्हणून ज्याचा उल्लेख आम्ही मघाशी केला, तो ॲलॅमो हाइट्समध्ये सुमारे ६४५ मुलांमागे एक होता, एजवुडमध्ये सुमारे ३,१०० मुलांमागे एक. तीन हजार मुलांना एक माणूस काय सल्ला देणार? मुलाचे नाव कळण्याआधी त्याची चार वर्षे संपावयाची. दोन्हीकडे शाळा 'सार्वजनिक', दोन्हीकडे फी नाही. फरक फक्त मधल्या रेषेचा.

ही रेषा मोठ्यांच्या आधी मुलांनी ओळखली. १६ मे १९६८ रोजी एजवुड हायस्कूलचे सुमारे ४०० विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले आणि शाळा-जिल्ह्याच्या कचेरीवर चालून गेले. इमारत धड करा, साधने द्या, शिकविण्यास लायक शिक्षक द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील मेक्सिकन वंशाच्या हजारो विद्यार्थ्यांनीही असाच बहिष्कार केला होता. ज्यांनी उभ्या आयुष्यात मोर्चे काढले त्यांना हे सांगावयास नको की चारशे माणसे एका दिवसात एका दाराने बाहेर काढणे किती अवघड असते. एजवुडची मुले सोळा-सतरा वर्षांची होती. त्यांच्या शिक्षकांना, टेक्ससमधील इतर सार्वजनिक नोकरांप्रमाणे, संप करण्याची कायद्याने मनाई होती, आणि ती आजही आहे. जे शिक्षकांना करता येत नव्हते ते विद्यार्थ्यांनी केले. विद्यार्थिजीवनाचे वर्णन करताना फुटबॉल आणि नृत्यसमारंभ यांच्याबरोबर हा दिवसही मोजला पाहिजे, असे आमचे मत आहे.

मुलांमागून आईबाप जागे झाले. त्यांनी पालकांची संघटना काढली. त्यांत दिमित्रिओ रॉड्रिग्ज नावाचे गृहस्थ होते. सैन्यात नोकरी करून आलेले आणि केली विमानतळ या लष्करी तळावर पत्र्याचे काम करणारे कामगार. त्यांच्या मुलांच्या प्राथमिक शाळेचा वरचा भाग वापरण्यास अयोग्य ठरला होता आणि तेथे वटवाघळांनी घर केले होते. पालकांचा प्रथम समज असा की स्थानिक अधिकारीच पैसे खात असावेत किंवा उधळीत असावेत. आर्थर गॉक्मन या वकिलांकडे ते गेले तेव्हा त्यांनी समजावून सांगितले की दोष एखाद्या अधिकाऱ्याचा नाही. पैसा गोळा करण्याची आणि वाटण्याची राज्याची पद्धतच अशी आहे. हा क्षण आम्हांला फार मोलाचा वाटतो. मुकादम वाईट आहे, तो बदलला की सारे ठीक होईल, असे कामगारालाही प्रथम वाटते. मुकादमामागचा दर, दरामागचा करार आणि करारामागचा कायदा दिसू लागतो तेव्हा खरी चळवळ सुरू होते.

१९६८ च्या जुलैत दावा दाखल झाला. १९७१ च्या डिसेंबरात केंद्रीय न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला. परंतु २१ मार्च १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी फिरविला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती ल्युइस पॉवेल यांनी लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: अमेरिकेच्या घटनेत शिक्षणाचा हक्क नमूद नाही, एजवुडच्या मुलांना शिक्षण मुळीच मिळत नाही असे नाही, आणि आपल्या शाळेसाठी किती खर्च करावा हे गावाने ठरविणे यात काही गैर नाही. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी विस्तृत विरोधी मत लिहिले. त्यांचा मुद्दा असा की ज्या गावापाशी पैसाच नाही त्याला ठरविण्याचे स्वातंत्र्य आहे असे म्हणण्यात अर्थ नाही. पुढच्याच वर्षी, १९७४ साली, डेट्रॉइटच्या खटल्यात याच न्यायालयाने पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की शहरातील शाळांचा वर्णभेद मोडण्यासाठी भोवतालच्या ५३ उपनगरी शाळा-जिल्ह्यांना त्या योजनेत ओढता येणार नाही. अशा रीतीने दोन वर्षांत उपनगराच्या हद्दीला दोनदा न्यायालयाचे संरक्षण मिळाले. एकदा पैशाच्या बाबतीत, एकदा वर्णाच्या बाबतीत.

प्रतिपक्षाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. आपला पैसा आपल्या डोळ्यांसमोर खर्च होतो म्हणून लोक शाळेत लक्ष घालतात. मंडळाच्या सभेला जातात. कर देण्यास कुरकुरत नाहीत. दूरच्या राजधानीतून सारा पैसा वाटला गेला तर हा जिव्हाळा आटेल, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. परंतु जिव्हाळा एजवुडमध्येही होता. सर्वांत चढ्या दराने कर भरणाऱ्यांचा जिव्हाळा कमी कसा म्हणावा? शिवाय हद्द ही डोंगर-नदीसारखी निसर्गाने घातलेली नसते. ती राज्याच्या कायद्याने आखलेली असते, आणि जे कायद्याने आखले ते कायद्याने बदलता येते.

ते पुढे थोडेफार बदललेही. केंद्राचे दार बंद झाल्यावर एजवुडने १९८४ साली राज्याच्या न्यायालयाचे दार ठोठावले, कारण टेक्ससच्या स्वतःच्या घटनेत कार्यक्षम सार्वजनिक शाळांची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे. तोवर दरी आणखी रुंदावली होती. सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब जिल्ह्यांत दर मुलामागील मालमत्तेचे प्रमाण सातशेस एक झाले होते, आणि दर मुलामागील खर्च कोठे २,११२ तर कोठे १९,३३३ डॉलर होता. २ ऑक्टोबर १९८९ रोजी टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही पद्धत घटनाबाह्य ठरविली. बऱ्याच ओढाताणीनंतर १९९३ साली कायदा झाला की श्रीमंत जिल्ह्यांनी आपल्या जादा उत्पन्नाचा काही भाग राज्याकडे द्यावा. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणाऱ्या रॉबिन हूडचे नाव लोकांनी या कायद्याला चिकटविले. त्यावर आजही तंटे चालूच आहेत, आणि विषमता कमी झाली असली तरी मिटलेली नाही. दिमित्रिओ रॉड्रिग्ज २०१३ साली वारले. त्यांच्या नावाचा १९७३ चा निकाल अमेरिकेत अजून कायम आहे. पण त्यांनी उभा केलेला प्रश्न पुढे कितीतरी राज्यांच्या न्यायालयांत विचारला गेला.

हा प्रश्न मराठी माणसाला परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, हे आपण जाणतोच. त्याच फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले की सरकारी तिजोरी भरते ती कष्टकरी रयतेच्या घामाने, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. पैसा कोणाचा आणि शाळा कोणाची, हाच तो प्रश्न. एजवुडच्या पत्रा-कामगाराने फुल्यांचे नाव ऐकले नसेल, पण वही त्यानेही तीच उघडली.

तेव्हा अमेरिकेतील आपल्या नातवंडांची शाळा पाहून आनंद मानावा. तो मानण्यासारखाच आहे. तेथील मोकळेपणा, हाताच्या कामाला मिळणारा मान, विद्यार्थ्यांच्या सभा आणि वर्तमानपत्रे ही घेण्याजोगी आहेत. मात्र घर घेताना आपली मुले-सुना शाळा-जिल्ह्याची हद्द आधी का पाहतात, हेही त्यांना विचारावे. त्या उत्तरात साऱ्या व्याख्यानाचे सार मिळेल. जी शाळा हद्दीबाहेरच्या मुलाला बंद आहे, आणि जिच्या हद्दीत घर घेणे मोजक्यांनाच परवडते, तिची फी माफ नसते. ती घराच्या किमतीत आधीच भरलेली असते.

आणि एक काम आम्ही श्रोत्यांवर सोपवितो. घरी गेल्यावर आपल्या घरपट्टीचे बिल काढून पाहावे. महाराष्ट्रातील शहरांत त्यावर बहुधा शिक्षण कराची एक ओळ असते. ती रक्कम आपण वर्षानुवर्षे भरतो, पण आपल्या प्रभागातील नगरपालिकेच्या शाळेत पाय टाकून किती वर्षे झाली? तेथे किती मुले आहेत, किती शिक्षक कायम आहेत, वाचनालयाचे कपाट उघडे असते की कुलपात, हे पाहण्यास कोणाची परवानगी लागत नाही. एजवुडच्या मुलांनी तेवढेच केले. आपली शाळा डोळे उघडून पाहिली, आणि मग ती तशी का आहे ते विचारले.